मात, बुर्जी आणि यंत्र : हौशी बुद्धिबळपटूच्या न्याय्य जयाचा प्रश्न

(१)

महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांत पावसाळ्याचे महिने माणसाला घरी बसविणारे असतात. सावित्री आणि गांधारी भरून वाहू लागल्या, आंबेनळी घाटात दरड आली, की बसल्या जागी खेळावयाच्या खेळांना आपोआप दिवस येतात. अशाच एका पावसाळी दुपारी महाडला काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे बोलणे कानांवर पडले. पोलादपूरकडच्या एका खेड्यातून येणारा त्यांतला एक जण म्हणाला, "काल मी इंजिनावर मात केली." मित्रांनी त्याला "किती चालींत?" असे विचारले नाही, "कशी?" असे विचारले. यंत्राचा वजीर आधीच पटावरून उतरविला होता, असे त्याने सांगताच सगळे हसले. "मग ती मात कसली?" असे म्हणून त्यांनी त्याचा जय तेथल्या तेथे रद्द ठरविला. तो मुलगा ओशाळला. एवढेच हळूच म्हणाला, की आजोबा मला शिकविताना स्वतःचा वजीर काढूनच बसत, आणि मी जिंकलो की "मात झाली" असेच म्हणत.

ह्या लहानशा प्रसंगात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला खेळाच्या इतिहासाचा : हौशी खेळाडू बलवान यंत्राला न्याय्य मार्गाने हरवू शकतो काय? दुसरा भाषेचा : 'मात' हा शब्द कोणत्या अटीवर वापरावा? प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाभ्यासाचा असल्यामुळे त्याला दुसरा प्रश्न प्रथम दिसला. परंतु विचारान्ती असे आढळून आले, की पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावाचून देता येत नाही. आजोबा आणि मित्र ह्यांच्यात जो मतभेद झाला तो बुद्धिबळाविषयीचा नसून शब्दाविषयीचा होता. त्यांपैकी कोणाची बाजू अधिक सयुक्तिक, हे इतिहासाच्या साहाय्याने ठरविण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभी एक खुलासा करणे अवश्य आहे. बुद्धिबळाच्या संदर्भात 'इंजिन' म्हणजे पटावरील स्थिती घेऊन त्यातून उत्तम चाल शोधून काढणारी संगणकाची आज्ञावली. ती आता साध्या भ्रमणध्वनीत मावते व एकदा उतरवून घेतली, की जाळ्याच्या जोडणीवाचूनही चालते. ज्या गावाला बुद्धिबळाचे मंडळ नाही व शिक्षकही नाही, तेथील मुलाला असा प्रतिस्पर्धी घरबसल्या लाभतो. म्हणूनच त्याच्याशी झालेल्या डावाला काय किंमत द्यावयाची, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

(२)

प्रथम शब्दांकडे वळू. ज्या खेळाला संस्कृतात 'चतुरंग' म्हणत त्याला मराठीत 'बुद्धिबळ' हे नाव रूढ आहे. ह्या नावातील 'बळ' म्हणजे सामर्थ्य आणि 'बळ' म्हणजे सैन्य हे दोन्ही अर्थ येथे एकत्र नांदतात. 'बुद्धिबळे खेळणे' असा अनेकवचनी प्रयोग जुन्या वळणाच्या बोलण्यात ऐकू येतो. तेथे पटावरची मोहरीच डोळ्यांपुढे असतात. महाराष्ट्राच्या परिसरात ह्या खेळाचे लेखी उल्लेख जुने आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातील जुन्या मराठी पद्यखंडांमुळे परिचित आहे. राजाच्या विनोदांचे वर्णन करताना त्यात चतुरंगाचेही वर्णन आले आहे. मूळच्या पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात रचलेल्या 'नीतिमयूखा'तही ह्या खेळाची माहिती आहे. पुढे १८१४ मध्ये मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचा बुद्धिबळातील कूटस्थितींवरचा ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत उतरून छापला गेला. म्हणजे हा खेळ केवळ फावल्या वेळेचा न राहता शास्त्राचा विषय झाला होता.

मोहऱ्यांच्या नावांत दोन थर दिसतात. हत्ती, घोडा, उंट ही नावे देशी. वजीर आणि प्यादे ही फारसीच्या वाटेने आलेली. 'प्यादे' आणि संस्कृत 'पदाति' ह्या दोहोंच्या मुळाशी 'पाय' हाच अर्थ आहे, हे लक्षणीय होय. 'शह' म्हणजे फारसी 'शाह', अर्थात राजा. राजावर हल्ला झाला आहे अशी प्रतिपक्षाला दिलेली ती सूचना. 'मात' ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'मेला' असा घ्यावा, की 'निरुपाय झाला' असा, ह्याविषयी पंडितांत एकमत नाही; परंतु पटावरचा राजा कधीही मारला जात नाही, त्याची फक्त सर्व बाजूंनी कोंडी होते, हे ध्यानात घेता दुसरा अर्थ खेळाला अधिक जुळतो. 'शह' ह्या फारसी शब्दाला 'काट' हा देशी शब्द जोडून मराठीने 'काटशह' हा संकर सिद्ध केला आणि तो राजकारणाच्या वार्तेत इतका मुरविला, की त्याचे मूळ पटावर आहे ह्याचेही अनेकांना विस्मरण झाले आहे.

प्रस्तुत विषयाला सर्वांत उपयुक्त असे दोन शब्द मात्र आणखी वेगळे आहेत : 'बुर्जी' आणि 'प्यादेमात'. देशी पद्धतीच्या खेळात आजच्याप्रमाणे किल्लेकोट नव्हता. राजाला डावात एकदा घोड्याप्रमाणे उडी घेण्याची मोकळीक असे. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले, की ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोहोचले त्याचे रूप त्याला मिळे. ह्या पद्धतीत सर्व विजय सारखे मानीत नसत. प्रतिपक्षाची सगळी मोहरी जाऊन राजा एकटा उरला, तर डाव 'बुर्जी' झाला असे म्हणत. तो पुरता जय नव्हे, उणा जय होय. राजाची कोंडी करणारी ती साधी मात. आणि ती कोंडी अखेरीस एका प्याद्याने केली, तर ती प्यादेमात. हिचा मान सर्वांत मोठा, कारण सर्वांत दुबळ्या मोहऱ्याकडून सर्वांत मोठे काम करून घेतलेले असे.

तात्पर्य, जुन्या खेळाडूंच्या भाषेत 'जिंकलो' एवढे सांगून भागत नसे. कसा जिंकलो हे जयाच्या नावातच सांगावे लागे. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. त्या सुमारास आंतरराष्ट्रीय नियमांचा अंमल बसत गेला आणि गुणपत्रिकेवर एक, अर्धा व शून्य एवढेच आकडे उरले. नियमांच्या एकसूत्रीपणासाठी ते अवश्यच होते. तथापि त्याबरोबर जयाचे प्रकार सांगणारी एक परिभाषा मागे पडली. यंत्राच्या आगमनानंतर तिचीच उणीव भासू लागली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

(३)

आता यंत्राचा इतिहास पाहू. त्याचा आरंभ, गंमत अशी, की एका फसवणुकीने झाला. १७७० मध्ये फॉन केंपेलेन ह्याने व्हिएन्नाच्या दरबारात 'तुर्क' नावाचे बुद्धिबळ खेळणारे यंत्र दाखविले. युरोप-अमेरिकेत त्याने शेकडो लोकांना हरविले. परंतु त्याच्या पेटीत एक निष्णात खेळाडू दडवून बसविलेला असे. १८५४ मध्ये फिलाडेल्फिया येथे ते आगीत जळाले. त्या काळी यंत्राच्या आत माणूस लपत असे. आज माणसाच्या खिशात यंत्र लपते. दिशा उलटली, पण अन्यायाचे स्वरूप तेच राहिले, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

खऱ्या यंत्रखेळाची मीमांसा क्लॉड शॅनन ह्यांनी १९५० च्या निबंधात केली. अॅलन ट्यूरिंग ह्यांनी आज्ञावली लिहिली, पण ती चालविण्याजोगे यंत्र हाती नव्हते. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी स्वतः कागदावर एकेका चालीचा हिशेब करीत ती अॅलिक ग्लेनी ह्या सहकाऱ्याविरुद्ध खेळविली. एका चालीला अर्धा तास लागे. ग्लेनी हे कोणी नामांकित खेळाडू नव्हते. तरी २९ चालींत ते जिंकले. अशा रीतीने यंत्राच्या विचारसरणीवर मिळविलेला एक अगदी पहिला जय हौशी माणसाच्याच नावावर आहे.

हा काळ फार टिकला नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील 'मॅक हॅक' ही आज्ञावली माणसांच्या स्पर्धांत उतरली, आणि यंत्रबुद्धीचे कडवे टीकाकार तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफस ह्यांना तिने त्याच वर्षी हरविले. हौशी खेळाडूचा पाय तेथे पहिल्यांदा घसरला. स्कॉटलंडचे डेव्हिड लेव्ही ह्यांनी १९६८ मध्ये पैज घेतली होती, की दहा वर्षांत कोणतेही यंत्र आपणांस सामन्यात हरविणार नाही. १९७८ मध्ये 'चेस ४.७' विरुद्ध साडेतीन-दीड असा सामना जिंकून त्यांनी ती राखली, पण एक डाव गमावून. १९८९ मध्ये 'डीप थॉट'ने त्याच लेव्हींना चारही डावांत हरविले. त्याआधी १९८८ मध्येच तिने बेंट लार्सन ह्या ग्रँडमास्टरला एका स्पर्धेत मात दिली होती. १९९६ मध्ये कास्पारोव्हने 'डीप ब्लू'वर चार-दोन असा जय मिळविला. मे १९९७ मध्ये तोच सामना यंत्राने साडेतीन-अडीच असा फिरविला. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणारे ते यंत्र दोन मोठ्या कपाटांएवढे होते. आपल्या विश्वनाथन आनंद ह्यांनी १९९८ मध्ये 'रेबेल' ह्या आज्ञावलीविरुद्ध आठ डाव खेळले. जलद डावांत यंत्र वरचढ ठरून एकूण निकाल पाच-तीन असा त्याच्या बाजूने लागला. मात्र पूर्ण वेळेच्या दोन डावांत आनंद दीड-अर्धा असे पुढे राहिले. विचाराला वेळ मिळाला, तर माणूस अजून उभा राहू शकत होता, असा ह्याचा अर्थ.

ती संधीही लवकरच संपली. २००५ मध्ये 'हायड्रा'ने मायकेल अॅडम्सचा साडेपाच-अर्धा असा पराभव केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिल्बाओ येथे रुस्लान पोनोमारिओव्हने 'फ्रिट्झ'वर मिळविलेला जय हा पूर्ण वेळेच्या डावात अग्रगण्य यंत्रावर माणसाने मिळविलेला अखेरचा ज्ञात जय म्हणून सांगितला जातो. २००६ मध्ये जगज्जेत्या क्रामनिकला 'डीप फ्रिट्झ'ने चार-दोन असे हरविले. त्यातील एका डावात तर समोरची एका चालीतील मात त्याच्या नजरेतून सुटली. त्यानंतर बरोबरीच्या अटींवर असा सामना भरविण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही.

हौशी खेळाडूच्या दृष्टीने ह्याचा अर्थ आकड्यांतच सांगणे बरे. मॅग्नस कार्लसनने २०१४ मध्ये गाठलेले २८८२ हे माणसाचे आजवरचे सर्वोच्च मानांकन आहे. उत्तम यंत्रांना त्यांच्या आपसांतील यादीत साडेतीन हजारांच्या पुढे गुण दिले जातात. दोन्ही याद्यांचे माप तंतोतंत एक नाही. तरी ढोबळ हिशेब करता येतो. मानांकनाच्या सूत्रानुसार चारशे गुणांचा फरक असता दुबळ्या पक्षाला अकरा डावांत एका गुणाची अपेक्षा ठेवता येते. फरक दोन हजार झाला, तर ती अपेक्षा एक लाख डावांत एका गुणावर येते. दीड हजार मानांकनाचा चांगला हौशी खेळाडू रोज दहा डाव खेळला, तरी एका गुणासाठी त्याला सत्तावीस वर्षे लागतील! शिवाय डावाच्या शेवटी पटावर सात मोहरी उरली, की त्यापुढील प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल तक्त्यांत बांधून ठेवलेला आहे; ते तक्ते जवळ असलेले यंत्र तेथे चुकतच नाही. तेव्हा समान मोहरी, समान वेळ, मदत नाही आणि चाल मागे घेणे नाही, अशा अटींवर हौशी खेळाडू बलवान यंत्राला हरवू शकतो काय, ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असेच दिले पाहिजे.

(४)

परंतु प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. दुबळ्याने बलवंताला हरविण्याच्या ज्या वाटा इतिहासात दिसतात, त्यांची न्याय्यता एकेक करून तपासली पाहिजे.

पहिली वाट भूमी निवडण्याची. ती समजावून घेण्यासाठी पोलादपूरच्या वाचकाला दूर जावयास नको. आंबेनळी घाट चढून गेले, की प्रतापगड येतो. १६५६ मध्ये जावळी हाती आल्यानंतर शिवाजीमहाराजांनी हा गड बांधविला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या फौजेला त्याच्या पायथ्याच्या रानात गाठले. उघड्या मैदानावर जे घोडदळ व ज्या तोफा भारी पडल्या असत्या, त्या गर्द झाडीत आणि अरुंद वाटांत निरुपयोगी ठरल्या. ह्याला कोणी युद्धनीतीचा भंग म्हणत नाही. लेव्हींनी १९७८ मध्ये हेच केले : मारामारीची मोकळी स्थिती टाळली, प्याद्यांची भिंत उभारली, स्वतः काही विशेष न करता यंत्रालाच चुकीचे काही करावयास लावले. २००८ मध्ये हिकारू नाकामुराने 'रिबका' ह्या बलाढ्य यंत्राला जालावरील तीन मिनिटांच्या एका डावात अशाच बंद स्थितीत अडकविले. पन्नास चालींत मोहरे मारले गेले नाही व प्यादेही हलले नाही तर डाव बरोबरीत सुटतो. ही बरोबरी टाळण्याच्या हट्टापायी यंत्राने आपली भक्कम जागा स्वतःच मोडली आणि २७१ चालींत ते हरले. ही वाट निःसंशय न्याय्य होय. मात्र तिच्यावरून जाणारा ग्रँडमास्टर होता, आणि मज्जाजालावर आधारलेल्या मूल्यमापनाची पद्धत आल्यानंतर, विशेषतः २०२० पासून 'स्टॉकफिश'नेही ती स्वीकारल्यानंतर, ही खिंडही पुष्कळशी बुजली आहे.

दुसरी वाट यंत्रातील दोष हेरण्याची. तिचे सर्वांत बोलके उदाहरण बुद्धिबळातले नसून 'गो' ह्या पूर्वेकडील खेळातले आहे. २०२३ मध्ये केलिन पेलरीन ह्या अमेरिकी हौशी खेळाडूने 'काटागो' ह्या अव्वल यंत्राला पंधरांपैकी चौदा डावांत हरविले. प्रतिपक्षाचा एक मोठा समूह हळूहळू वेढला जात असता हे यंत्र धोका ओळखत नाही, हा दोष आधी दुसऱ्या एका आज्ञावलीने शोधून काढला होता. पेलरीनने तो शिकून घेतला आणि प्रत्यक्ष डाव स्वतःच्या डोक्याने खेळला. प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव अभ्यासून त्याची खोड हेरणारा खेळाडू जितका प्रामाणिक, तितकाच हाही. हौशी खेळाडूने बलवान यंत्राला बरोबरीच्या अटींवर हरविल्याचा एवढा ठळक दाखला दुसरा माझ्या पाहण्यात नाही. परंतु तो जय ज्ञानाचा होता, सामान्य बलाचा नव्हता. दोष दुरुस्त झाला, की तो हातचा जातो.

तिसरी वाट मोहरे उतरवून खेळण्याची. गुरूने शिष्याला अशी मोकळीक देण्याचा प्रघात सर्व देशांत जुना आहे. ह्या वाटेवरही यंत्र माघार घेत नाही : २००७ मध्ये 'रिबका'ने प्रत्येक डावात एक प्यादे कमी घेऊनही यान एल्व्हेस्ट ह्या ग्रँडमास्टरला साडेपाच-अडीच असे हरविले. उलट २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड स्मेर्डन ह्या ग्रँडमास्टरने 'कोमोडो'ने घोडा कमी घेतला असता पाच-एक असा जय मिळविला. ह्या दोन निकालांत यंत्र आणि माणूस ह्यांच्यातील अंतराचे माप सापडते : ग्रँडमास्टरला एक प्यादे अपुरे पडले, घोडा पुरला. हौशी खेळाडूला हत्ती लागेल, वजीर लागेल. ह्यात लाजण्यासारखे काय आहे? नदीची खोली मोजणारा मनुष्य काठी जेवढी बुडते तेवढी सांगतो. काठी लांब लागली म्हणून त्याला कोणी खोटा म्हणत नाही.

चौथी वाट यंत्राच्याच मदतीने यंत्राला हरविण्याची, आणि येथेच न्याय-अन्यायाची रेषा स्पष्ट होते. २००५ मध्ये जालावर झालेल्या एका मुक्त स्पर्धेत कोणतीही मदत घेण्यास परवानगी होती. ग्रँडमास्टर व मोठी यंत्रे ह्यांना मागे टाकून ती स्टीव्हन क्रॅम्टन आणि झॅकरी स्टीफन ह्या दोन अमेरिकी हौशी खेळाडूंनी साधे संगणक वापरून जिंकली. कोणत्या स्थितीत कोणत्या यंत्राचे ऐकावे, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते. सर्वांना ठाऊक असलेल्या नियमाखाली मिळालेला तो जय न्याय्य होय. ह्याउलट १३ जून २०२१ रोजी आनंद ह्यांनी करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी अनेक नामवंतांशी जालावर डाव खेळले. त्यांतील एक हौशी खेळाडू जिंकला आणि मागाहून आपण संगणकाची मदत घेतल्याचे त्यानेच कबूल केले. साधन दोन्हीकडे एकच होते. एका ठिकाणी ते पटाशेजारी उघड मांडलेले होते, दुसऱ्या ठिकाणी दडविलेले. केंपेलेनची पेटी येथे पुन्हा उघडली जाते.

चालीवर चाल मागे घेऊन, किंवा यंत्राची शक्ती कमी करून मिळविलेले जय ह्यांनाही हाच न्याय लावावा. शक्ती कमी केली असे सांगितले, तर तो त्या पातळीवरचा खरा जय. सांगितले नाही, तर खोटा. चाल मागे घेणे हा अभ्यास आहे, डाव नव्हे. त्याला जय म्हणू नये एवढेच.

(५)

ह्या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा, की जयाची न्याय्यता साधनात नसते, मोहऱ्यांच्या समानतेतही नसते. पहिली चाल होण्यापूर्वी उभयपक्षी जाहीर झालेल्या अटीत असते, आणि जय सांगताना ती अट बरोबर सांगण्यात असते. यंत्राला स्वतःला ह्याची जाणीव नाही. ते फक्त निकाल नोंदविते. त्या निकालाला जय म्हणावे की नाही, हे माणसेच ठरवितात. ह्याचे प्रत्यंतर मराठी खेळाडूंच्या संबंधात २०२० मध्ये आले. त्या वर्षीचे ऑलिंपियाड साथीमुळे जालावर खेळविले गेले. नाशिकचे विदित गुजराथी भारतीय संघाचे कर्णधार होते. ३० ऑगस्ट रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत नागपूरच्या दिव्या देशमुख व केरळचे निहाल सरीन ह्यांची जोडणी तुटली आणि घड्याळाने त्या दोघांना पराभूत ठरविले. घड्याळाच्या हिशेबात चूक नव्हती. तरीही जागतिक संघटनेने पटावर न घडलेला तो पराभव मानण्याचे नाकारले व भारत आणि रशिया ह्या दोघांना सुवर्णपदक दिले. त्याच दिव्या देशमुख ह्यांनी २८ जुलै २०२५ रोजी बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. पाच वर्षांपूर्वीचा घड्याळाचा निकाल तसाच राहू दिला असता, तर त्यांची गुणवत्ता कमी झाली नसती हे खरे. पण खेळाची प्रतिष्ठा कमी झाली असती.

आता पुन्हा महाडच्या त्या दुपारकडे वळावयास हरकत नाही. मित्रांचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते : वजीर उतरविलेल्या यंत्रावरची मात आणि पुऱ्या मोहऱ्यांच्या यंत्रावरची मात ह्या एक नव्हेत. परंतु त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. दोन जय सारखे नसतात म्हणून त्यांतला एक जयच नव्हे, असे ठरत नाही; एवढेच ठरते, की दोघांना दोन नावे हवीत. बुर्जीला मात म्हटले तर ते खोटे. पण बुर्जीला पराभव म्हटले तर तेही खोटेच. आजोबांच्या पिढीला हा विवेक शब्दांतूनच मिळालेला होता. गुणपत्रिकेच्या एक-शून्याबरोबर तो नातवाच्या पिढीतून गळाला आणि 'पूर्ण जय नाही तर काहीच नाही' असा दुराग्रह त्याच्या जागी आला. अशा दुराग्रहातून एक तर मुले निराश होऊन पट मिटवितात, किंवा गुपचूप दुसऱ्या यंत्राचा आधार घेतात. ह्या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट, विशेषतः जेथे शिकविणारे दुसरे कोणी नाही अशा खेड्यात, इष्ट नव्हे.

उपाय सोपा आहे आणि तो परंपरेत आधीच आहे. यंत्राशी खेळणाऱ्याने आपल्या वहीत प्रत्येक डावाच्या माथ्यावर अट लिहावी : यंत्र कोणते, वेळ किती, कोणते मोहरे उतरविले, मदत होती की नव्हती. जिंकल्यास नुसते 'मात' न लिहिता 'वजिरावाचून मात', 'हत्तीवाचून मात', 'घोड्यावाचून मात' असे लिहावे. ही नावे जशी बदलत जातील तशी त्या मुलाची प्रगती कोणत्याही मानांकनावाचून वाचता येईल. 'पुऱ्या मोहऱ्यांची मात' हे पान बहुधा कोरेच राहील; पण ते जगज्जेत्याच्या वहीतही कोरेच आहे, एवढे समाधान हौशी खेळाडूला पुरेसे असावे.

त्या विद्यार्थ्याने डावाच्या सर्व चाली लिहून ठेवल्या होत्या व एकही चाल मागे घेतली नव्हती, हे मागाहून समजले. यंत्राचा राजा अखेरीस कोणत्या मोहऱ्याने कोंडला असे विचारता, तो संकोचाने म्हणाला, "प्याद्याने." त्या डावाला जुन्या भाषेत काय नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ते त्याला सांगितले, आणि वहीत तसेच लिहावयास लावले : वजिरावाचून प्यादेमात.